नोकरी कुणाची, मूल कुणाकडे



आजचा विषय मी मागून घेतला. पंचवीस वर्षं कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना दोन वाक्यं इतक्यांदा वाचली, की आता कागद न उघडता म्हणून दाखवता येतील. वडिलांच्या अर्जात लिहिलेलं असतं, 'अर्जदारास कायमस्वरूपी नोकरी आहे, सबब तो मुलाचे संगोपन करण्यास समर्थ आहे.' खाली आईबद्दल असतं, 'सामनेवाली नोकरी करते, सबब तिला मुलाकडे लक्ष देण्यास वेळ नाही.' कधीकधी दोघं एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर बसणारी. त्याला नोकरी 'आहे', ती नोकरी 'करते'. एवढ्याशा क्रियापदावर मूल कुणाकडे जायचं ते ठरू पाहतं, याचा मला आजही राग येतो.

'ताबा' हा शब्दही मला खुपतो. ताबा घराचा असतो, शेतजमिनीचा असतो. मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच सांगितलं. पण शब्द कागदावर राहिला, म्हणून मीही तोच वापरते.

कायद्यात काय आहे? 1890चा पालक व पाल्य अधिनियम पालकाचं चारित्र्य आणि कुवत पाहायला सांगतो. 1956चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा मुलाचं हित सर्वांत वर ठेवतो आणि पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं, असं म्हणतो. नोकरी वादात शिरते ती या 'कुवत' शब्दाच्या दारातून. मग पगाराच्या पावत्या जोडल्या जातात, बदलीचे आदेश जोडले जातात, रात्रपाळीचे पुरावे गोळा होतात. पगाराचा मुद्दा मी लवकर सोडते, कारण तो दिसतो तेवढा मोठा नाही. आईची मिळकत कमी असली तर मुलाच्या खर्चाचा आदेश वडिलांवर होऊ शकतो. पैसा एका घरातून दुसऱ्या घरात पाठवता येतो. वेळ तसा पाठवता येत नाही, आणि खरी लढाई वेळेवर होते.

2017 मधलं सर्वोच्च न्यायालयातलं एक प्रकरण सांगते. वडील लष्करात अधिकारी, आई शाळेत शिक्षिका. मुलगी दोन वर्षांची व्हायच्या आधीपासून वडिलांकडे. त्यांचं मुलीवर प्रेम होतं, याबद्दल कुणाला शंका नव्हती. पण कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी नेमणूक झाली, की मुलगी आजीआजोबांकडेच राहणार होती. आई मात्र स्वतः शिकवत असलेल्या शाळेतच तिला घालू शकत होती. निकालाला इतरही कारणं होती, मुलीला आईपासून इतकी वर्षं दूर ठेवलं गेलं हे त्यांतलं मोठं. मुलगी आईकडे सोपवली गेली. देशाच्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकताना काय वाटलं असेल, ते मी समजू शकते. तरीही निकाल मला पटतो. न्यायालयाने त्यांच्या पेशाला उणं लेखलं नाही, मुलीचा रोजचा दिवस पाहिला.

बदलीचा प्रश्न याहून अवघड. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियात नोकरी मिळालेल्या एका आईला मुलाला सोबत न्यायला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. त्याच निकालात सांगितलं, की ताब्याचे आदेश कधीच अखेरचे नसतात, परिस्थिती बदलली की तेही बदलता येतात. 2022 मध्ये पुण्यातली एक अभियंता मुंबई उच्च न्यायालयात आली. कंपनी तिला पोलंडमधल्या क्राकोव शहरात पाठवत होती, मुलगी नऊ वर्षांची, कौटुंबिक न्यायालयाने परवानगी नाकारलेली. न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी ती दिली. मूल की करिअर, यांतून एक निवड असं आईला सांगता येणार नाही, हा त्या आदेशाचा गाभा. वडिलांच्या भेटीचीही तजवीज झाली. हा आदेश मला मोलाचा वाटतो. पण व्हिडिओ कॉलवर बापाला मुलीची वेणी घालता येत नाही, हेही मी इथे म्हणणार. परवानगी मागणाऱ्या माझ्या अशिलांना मी आधी सुट्ट्यांचं कॅलेंडर आणायला सांगते, ते याचसाठी.

आता आपल्या जवळचं सांगते. एसटीत वाहक असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. भेटीचा आदेश होता दर रविवारी दहा ते पाच. बहुतेक आदेशांत रविवारच असतो, जणू सगळं जग सोमवार ते शनिवारच काम करतं. यांची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी, आणि आठवड्यात दोन मुक्कामी गाड्या. चार महिन्यांत तीनच रविवार साधले. पत्नीने अर्ज टाकला, वडिलांना मुलात रस नाही. तिचीही चूक म्हणता येणार नाही. मुलगा दर रविवारी नवा शर्ट घालून ओट्यावर बसायचा, ते ती बघत होती.

आम्ही ड्यूटीचा तक्ता न्यायालयात दाखल केला. पगाराची पावती सगळेच जोडतात, तक्ता क्वचित कुणी जोडतं. समुपदेशक बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं. पत्नी अंगणवाडी सेविका, दुपारनंतर मोकळी. तासाभरात ठरलं: मंगळवारी शाळा सुटल्यापासून रात्री आठपर्यंत मुलगा वडिलांकडे. दिवाळीत जादा गाड्या सुटतात, रजा मिळत नाही, म्हणून भाऊबीज झाल्यावरचे चार दिवस त्यांचे. मे महिन्यात पंधरा दिवस.

अटींचा कागद टाईप होऊन आला. सही करण्याआधी तिने माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि खाली आपल्या हाताने एक अट वाढवली. ड्यूटी बदलली तर आदल्या रात्री फोन करावा, आणि तो मला नाही, मुलाला करावा.