एबीजीच्या स्लिपवर विश्वास कधी ठेवायचा?

आजचा विषय आहे आयसीयूच्या कोपऱ्यातलं एबीजी मशीन. धमनीतलं थोडंसं रक्त, दोन-तीन मिनिटं, आणि स्लिप हातात. तिच्यावरून व्हेंटिलेटरचं सेटिंग बदलतं, कधी नळी घालायची की नाही हेही ठरतं. म्हणून इथला चुकीचा आकडा महागात पडतो.

आकडे विचित्र आले की आपण म्हणतो, "मशीन बिघडलंय." पण गडबड बऱ्याचदा सिरिंजमध्येच झालेली असते. बुडबुड्याचंच बघा. हवेतल्या ऑक्सिजनचा दाब साधारण 150. पेशंटचा 55 असेल, तर बुडबुड्यामुळे तो वाढून दिसतो आणि कार्बन डायऑक्साइड कमी दिसतो. म्हणजे पेशंट आहे त्यापेक्षा बरा दिसतो! तेव्हा बुडबुडा लगेच काढा, टोपण लावा. पातळ हेपॅरिन जास्त राहिलं तर कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट, कॅल्शियम खाली येतात. सॅम्पल तसंच पडून राहिलं तर पेशी ऑक्सिजन वापरत राहतात. प्लास्टिकची सिरिंज अर्ध्या तासाच्या आत लावायलाच हवी.

पोटॅशियमचं तर वेगळंच. लॅबमध्ये रक्त फिरवल्यावर सीरम लाल दिसलं की पेशी फुटल्याचं कळतं. इथे अख्खं रक्तच मशीनमध्ये जातं, त्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाही. पोटॅशियम 6.8 आलं आणि ईसीजी नॉर्मल असेल, तर लगेच दुसरं सॅम्पल लॅबला पाठवा. पण नॉर्मल ईसीजीवर विसंबून पेशंटकडे दुर्लक्ष करू नका.

आता मशीनचे खरे दोष. बारीक गुठळी नळीत अडकते. सेन्सर जुना झाला की आकडे हळूहळू सरकतात, अलार्म न वाजता. वीज गेली आणि यूपीएस नसेल, तर मशीनला पुन्हा कॅलिब्रेशन लागतं. काही मशीनमध्ये कार्ट्रिजच वाया जातं. आणि रात्रपाळीत क्यूसी "नंतर करू" म्हणून राहून जातं. क्यूसी फेल झालेला पॅरामीटर वापरायचा नाही, एवढा नियम पाळा.

एक गैरसमजही काढू. 24 गुणिले पीसीओटू भागिले बायकार्बोनेट, हे गणित जुळलं की स्लिप बरोबर, असं शिकवतात. पण मशीन बायकार्बोनेट मोजत नाही, पीएच आणि पीसीओटूवरूनच काढतं. मग ते जुळणारच! त्यातून फक्त वहीत उतरवतानाची चूक सापडते. खरी पडताळणी हवी असेल तर लॅबमध्ये मोजलेल्या बायकार्बोनेटशी ताडून बघा. सॅच्युरेशन पल्स ऑक्सिमीटरशी ताडा. स्लिपवर 72 आणि बोटावर स्थिर 97 असेल, तर सॅम्पल बहुतेक शिरेतलं आहे.

आणि सर्वात आधी पेशंटकडे बघा. तो शांत श्वास घेत बोलतोय आणि स्लिप म्हणते पीएच 6.9, तर पुन्हा सॅम्पल घ्या. तो धापा टाकतोय आणि स्लिप छान आहे, तर स्लिपची वाट बघत बसू नका.

तुमच्या वॉर्डात क्यूसीची वही कोण बघतं? जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.