यंत्र आणि मितान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात नवा रायपुर येथे दिलेले भाषण)



२०२५ च्या मे महिन्यात या नव्या नगरीत कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. मराठीत सफाईने बोलणारे हे यंत्र माणसामाणसांतील विश्वास जाणू शकेल काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घोळत आहे.

अफाट लिखित मजकुरावरून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवते, हे यंत्र शिकते. उभे आयुष्य फायलींत घालविलेला माझ्यासारखा मनुष्य एवढेच सांगेल, की कागद बहुधा जन्मतो तो विश्वास अपुरा पडतो तेथे. करारनामा, जामीनपत्र, साक्षांकित प्रत, प्रतिस्वाक्षरी! तेव्हा यंत्राच्या वाचनात अविश्वासाचेच वाङ्मय अधिक आले असावे, अशी मला शंका आहे.

या छत्तीसगडची मितान-प्रथा पाहा. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भोजलीचे, म्हणजे अंधारात वाढविलेल्या गव्हाचे, पिवळसर अंकुर एकमेकींच्या कानांवर खोचले, की दोघी जन्माच्या मैत्रिणी झाल्या. जगन्नाथपुरीचा महाप्रसाद देऊनघेऊनही असेच नाते जुळते. पुढे नावाने हाक मारावयाची नाही. 'भोजली', 'महाप्रसाद' हेच संबोधन. जातीची भिंत आड येत नाही. कोठे सही नाही, शिक्का नाही. (२०२२ साली दाखले घरपोच देणाऱ्या शासकीय योजनेसही 'मितान' हेच नाव मिळाले, याची मला मोठी गंमत वाटते.)

यंत्र या प्रथेचे वर्णन सुरेख करील. परंतु शब्द मोडणाऱ्या मितानाची चारचौघांत मान खाली जाते. यंत्रास मानच नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले. पाच हजार डॉलरचा दंड झाला तो वकिलांच्या बाजूस.

मला चिंता आहे ती आपली. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' हा संवाद करणारा साधा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्याची घडण डोळ्यांदेखत पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाईंनीच त्याच्याशी खाजगी बोलता यावे म्हणून त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले! विश्वास टाकावयास मनुष्य इतका उतावीळ असतो.

आपल्यापैकी अनेकांची मुले पुण्या-बंगळुरास, परदेशी. घरात दोघेच वृद्ध. यंत्राने त्यांना औषधाची वेळ अवश्य सांगावी. पण रात्री छातीत कळ आली, तर घराची दुसरी किल्ली कोणापाशी आहे? कार्यकारिणीस माझी विनंती आहे, की अशा प्रत्येक घरासाठी जवळच राहणारे एक कुटुंब या दिवाळीपूर्वी ठरवावे. पहिली किल्ली ठेवून घेण्यास मी व माझी पत्नी तयार आहोत.