परदेशप्रवासाची हुंडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात व्हाइटफील्ड येथील सभासदांपुढे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून कोणी साहित्यावर बोलेल, कोणी नाट्यसंगीतावर. आमच्या वाट्याला मात्र परदेशप्रवासाच्या विम्याचा विषय आला आहे. बी. ए.ला आमचा विषय इतिहास होता आणि पुढची वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत गेली. तेव्हा विम्याचे शास्त्र आम्हांस अवगत आहे, असे कृपया कोणी समजू नये. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की आम्ही त्यात एकदा चुकलो आणि ती चूक दुसऱ्याला भोवली.

आपले व्हाइटफील्ड हे मुळातच दुरून आलेल्यांचे गाव. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे अँग्लो-इंडियन कुटुंबे वसली. शंभरएक वर्षांनी टेक पार्क उभे राहिले आणि त्यांच्यामागोमाग आपण आलो. आता आपली मुले येथूनही पुढे गेली. कोणाची लेक म्युनिकला, कोणाचा मुलगा न्यू जर्सीला. बाळंतपण निघाले की साठी-सत्तरीची जोडपी मेतकूट, डिंकाचे लाडू आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन विमानात बसतात. सामानाचे वजन चारचारदा होते. विम्याचा कागद मात्र तिकिटाबरोबर आला तसा पिशवीत जातो.

पूर्वी काशीला निघणारा माणूस घरादाराची निरवानिरव करून निघे. वाटेत लुटालुटीचे भय, म्हणून रोकड जवळ न बाळगता पुण्याच्या सावकाराकडून तो काशीच्या पेढीवरची हुंडी घेई. त्या कागदाची किंमत पुण्यात ठरत नसे. काशीच्या पेढीवर ती हुंडी सकारली गेली तर पैसा, नाही तर रद्दी! प्रवासविमा ही आमच्या मते अशीच हुंडी आहे. ती येथे स्वस्त मिळाली की महाग, हा प्रश्न दुय्यम. तिकडे रात्री दोन वाजता ती कोण सकारणार, हे आधी पाहावे.

आता आमच्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी आमचे वडील बंधू आणि वहिनी मुलाकडे अमेरिकेस निघाले. दादांनी विश्वासाने फॉर्म भरण्याचे काम आमच्याकडे दिले; घरात सरकारी अधिकारी आम्हीच. वहिनींना दहा वर्षांचा रक्तदाब. फॉर्ममध्ये ‘पूर्वीपासून काही आजार आहे काय?’ असा रकाना होता. प्रतिनिधी म्हणाला, “साहेब, लिहू नका. हप्ता वाढेल, वर वैद्यकीय तपासणी मागतील. कोण बघतो?” आणि लोकांच्या अर्जातील खोट्या नोंदी शोधण्यात ज्याची नोकरी गेली, त्या माणसाने त्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले.

दुसऱ्याच महिन्यात वहिनींच्या छातीत दुखू लागले. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले तेव्हा दादांनी रक्तदाबाची सारी हकिगत प्रामाणिकपणे सांगितली. डॉक्टरांशी खोटे बोलावे असे त्यांच्या मनातही येणे शक्य नव्हते. तीच हकिगत रुग्णालयाच्या कागदांत उतरली, कागद कंपनीकडे गेले आणि दावा नामंजूर झाला. वहिनी बऱ्या झाल्या, ही ईश्वराची कृपा. पण बिलाचा आकडा रुपयांत मांडला तेव्हा तो दादांच्या ग्रॅच्युइटीहून मोठा निघाला. ते कर्ज पुतण्या पुढे दोन वर्षे फेडीत होता. दादा आम्हांस एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि ते सोसणे अधिक कठीण गेले.

तेव्हापासून आम्ही पॉलिसीचे बारीक अक्षर भिंग घेऊन वाचू लागलो. सत्तर वर्षांच्या माणसाला दाखविलेली एक लाख डॉलरची रक्कम पुष्कळदा दर्शनी असते; आत खोलीभाड्याला, अतिदक्षता विभागाला, शस्त्रक्रियेला वेगवेगळ्या मर्यादा घातलेल्या असतात. त्या मर्यादा वाचल्यावाचून दोन पॉलिसींची तुलना करणे व्यर्थ होय. पूर्वीचा आजार नोंदविला तरी कित्येक पॉलिसी केवळ जिवावर बेतले तरच, आणि तेही ठराविक रकमेपर्यंत, खर्च देतात. हे आधीच लेखी विचारून घ्यावे. मुक्काम लांबण्याचा संभव असेल तर मुदतवाढ मुदत संपण्यापूर्वी मागावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

देशोदेशीचे रिवाजही निराळे. जर्मनी, फ्रान्स आदी शेंगेन गटातील २९ देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. पण तो व्हिसाचा किमान आकडा झाला, आपल्या गरजेचा नव्हे. इंग्लंडमध्ये अपघातविभागातील उपचारांचे पैसे पाहुण्याकडून घेत नाहीत. वॉर्डात दाखल केले की मात्र साधारणपणे दीडपट दराने आकारणी होते. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यामुळे तातडीच्या रुग्णाला पैशाअभावी दारातून परत लावता येत नाही. बिल मात्र माफ होत नाही. आपल्या व्हाइटफील्डमध्ये २००१ पासून श्री सत्य साई रुग्णालयात हृदयाच्या शस्त्रक्रियाही विनामूल्य होतात. तिकडे तशा सवयीने जाऊ नये. आमचे सीजीएचएसचे कार्डही न्यू जर्सीच्या खिडकीवर कोणी ओळखणार नाही!

दावा अन्यायाने नाकारला गेला तर विमा लोकपालाचे कार्यालय येथे बंगळुरातच आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत लोकपालाकडे जावे. शुल्क नाही, वकील लागत नाही. दादांना तेथे जाण्यास आम्ही सुचविले नाही, कारण फॉर्मवरील ‘नाही’ आमच्या हातचे होते.

येत्या वैशाखात आम्ही उभयता म्युनिकला लेकीच्या बाळंतपणासाठी निघत आहोत. फॉर्म आम्हीच भरला. आमचा मधुमेह, सौभाग्यवतींचे थायरॉइड, गोळ्यांच्या नावांसकट सारे लिहिले. हप्ता जवळजवळ दुप्पट झाला, आणि प्रतिनिधीने आमच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. मदतकेंद्राच्या क्रमांकावर आम्ही येथूनच मध्यरात्री फोन करून पाहिला. चौथ्या घंटेला उचलला गेला. पॉलिसीची एक प्रत लेकीकडे, एक आमच्या पिशवीत आणि तिसरी पुण्याला दादांकडे पाठविली आहे. ती मिळाल्यावर त्यांचा फोन आला. प्रकृतीची, हवेची चौकशी झाली. फोन ठेवता ठेवता त्यांनी हळूच विचारले, “मधुमेह लिहिलास ना?”