नाताळगीत नवे, ध्रुपद आपले



दिवाळी सरली की आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार रंगते, आणि धान खळ्यावर येते. याच थंडीच्या दिवसांत नाताळ येतो. ख्रिस्ती कुटुंबे आपल्याकडे थोडी, पण नाताळची गाणी प्रार्थनामंदिरात म्हटली जातात, तशी काही शाळांच्या संमेलनांतही म्हटली जातात. दरवर्षी गुरुजींना किंवा बाईंना प्रश्न पडतो, की यंदा मुलांकडून नवे गाणे कोणते बसवून घ्यावे? आज त्या प्रश्नाविषयीच आपल्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

पुष्कळदा होते असे. एखादी इंग्रजी चाल घ्यायची, तिच्यावर मराठी शब्द बसवायचे, आणि चार आवाजांची स्वरमेळाची रचना शिकवायची. महिनाभर तालीम होते. नाताळच्या रात्री निवडक दहा-बारा जण गातात, आणि सतरंजीवर बसलेली आजीबाई, शेतावरून आलेला गडी, मागच्या रांगेतली पोरे नुसती ऐकत राहतात. ज्या सणाचा आनंद सगळ्यांचा, त्याच्या गाण्यात सगळ्यांना जागा नाही, ही गोष्ट थोडी मनाला लागण्यासारखी आहे.

आता गंमत पाहा. ज्याला इंग्रजीत कॅरल म्हणतात, ते मुळात असे नव्हतेच. मध्ययुगात युरोपात लोक हातात हात धरून रिंगण करीत व नाचत गात. एकाने कडवे म्हणायचे आणि सगळ्या रिंगणाने पालुपद उचलायचे. आपल्या दंडारीत किंवा मुलींच्या भुलाबाईच्या गाण्यांत आणखी वेगळे काय असते? प्रशिक्षित गायनवृंद नंतर आला, आधी रिंगण होते.

पुढेही जी गाणी टिकली, त्यांची गोष्ट पाहा. ‘सायलेंट नाइट’ हे जगप्रसिद्ध गीत १८१८ सालच्या २४ डिसेंबरला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा गायले गेले. शब्द जोसेफ मोर या तरुण धर्मगुरूचे होते. चाल बांधणारा फ्रान्झ ग्रुबर हा जवळच्या खेड्यातला शाळामास्तर होता! दोन गाणारे, साथीला गिटार, आणि शेवटच्या ओळी वृंदाने घोळवायच्या, एवढीच त्याची मांडणी. दुसरे उदाहरण इंग्लंडचे. राल्फ वॉन विल्यम्स या संगीतकाराने १९०३ साली सरे परगण्यातल्या फॉरेस्ट ग्रीन नावाच्या खेड्यात एका गावकऱ्याकडून नांगरणाऱ्या पोराचे गाणे ऐकून उतरून घेतले. बेथलेहेम गावावर फिलिप्स ब्रुक्स यांनी १८६८ साली लिहिलेले गीत त्याने त्या चालीवर बसवले, आणि १९०६च्या भजनसंग्रहात ते छापले गेले. शेतातली चाल देवळात आली आणि तिथेच राहिली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात १९८३ पासून दर नाताळाला एक नवे गीत मुद्दाम रचून घेतात. म्हणजे नवे करणे हीसुद्धा तिथली परंपराच आहे.

मग आपण नवे करावे ते कोणत्या वाटेने? ती वाट आपल्या भाषेत फार पूर्वीच पडलेली आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. परदेशी माणूस, पण येशूजन्माची कथा त्याने सांगितली ती ओवीत. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ती गाडी आपल्या भंडारा रोडवरूनच जाते! १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा मराठी मंडळीत पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरे पुष्कळ होती. टिळकांनी अभंग, पदे रचली, कीर्तन उभे केले. शंभर वर्षे उलटून गेली, तरी त्यांची पदे आजही तोंडपाठ आहेत, कारण ती टाळ-मृदंगावर म्हणता येतात.

परक्या चालीवर आपले शब्द का अडखळतात, याचे कारण सोपे आहे. इंग्रजी चाल आघातावर चालते. कोणत्या अक्षरावर ठोका पडायचा हे त्या भाषेने ठरवलेले असते. आपली चाल ऱ्हस्व-दीर्घावर आणि अक्षरसंख्येवर चालते. ‘प्रभु’मधला ऱ्हस्व उकार लांब स्वरावर ताणला, की शब्द ओळखू येत नाही. ‘बाळ’ हा शब्द एका जड स्वरावर संपवला, तर ‘ळ’ लोंबकळत राहतो.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एक साधी रीत सुचवतो. पहिले, ध्रुपद आधी करा. आठ-आठ अक्षरांच्या दोन ओळी पुरेत. नमुन्यादाखल पाहा: ‘गव्हाणीत बाळ आले, तणसाचे सोने झाले’. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात ते सहज बसते. शहरातल्या मुलाला गव्हाण म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. आपल्या साकोली-लाखांदूरच्या मुलाच्या ती घरीच असते. दुसरे, कडवी एकाने किंवा दोघांनी म्हणावीत आणि ध्रुपद सगळ्यांनी. तिसरे, चाल आठ सुरांच्या आत ठेवा. लहान मुलांचा, बायकांचा आणि पुरुषांचा आवाज वेगवेगळ्या पट्टीचा असतो. चाल आटोपशीर असली, की कोणालाच ओरडावे लागत नाही.

आणि स्वरमेळ? तो टाकून द्या असे मी म्हणत नाही. बहुस्वरी गायन ही मोठी विद्या आहे, आणि ज्या मंडळींना ती येते त्यांनी ती जपावी. पण सुरुवात सोपी करता येते. चाल भूपासारख्या पाच सुरांची घ्या. ध्रुपदाच्या वेळी मुली आणि बायका चाल म्हणतील. पुरुषांनी तानपुऱ्यासारखा षड्ज-पंचम धरून ठेवावा. दोन आवाज झाले, रागही मोडला नाही. दुसऱ्या वर्षी शेवटच्या ओळीपुरता तिसरा आवाज जोडावा. मात्र एक पथ्य पाळा: ध्रुपदाची चाल सगळ्यांत वर, स्पष्ट ऐकू आली पाहिजे, म्हणजे ज्याने तालीम केली नाही त्यालाही ती उचलता येईल.

गाणे चांगले बसले की नाही, याची परीक्षा टाळ्यांनी करू नका. तिसऱ्या कडव्यानंतर सतरंजीवरच्या आजीबाईने ध्रुपद उचलले का, एवढेच पाहा. उचलले असेल, तर तुमचे गाणे पुढच्या नाताळला गावाला पाठ असेल.