खोकल्याचे मूळ कधी रक्तात असते
(पाबळ येथील पालक मेळाव्यातील भाषण)



आपल्या भागात मुलाला खोकला झाला की आपण बाजरीच्या मळणीची धूळ किंवा चुलीचा धूर यांना दोष देतो. खोकला लांबला की क्षयाची शंका येते. ती रास्तच आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकल्यास थुंकी तपासलीच पाहिजे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी व औषधे मोफत मिळतात. परंतु क्वचित प्रसंगी खोकल्याचे मूळ फुप्फुसात नसून रक्तात असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

रक्ताच्या कर्करोगाचा परिणाम छातीवर अनेक वाटांनी होतो. तांबड्या पेशी घटल्याने मूल फिकट दिसते व चढ चढताना धापा टाकते. पांढऱ्या पेशी रोगट असल्याने न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. काही रुग्णांत त्या लाखावर जातात, फुप्फुसातील बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि श्वास कोंडतो. एक्स-रे मात्र कधी कधी स्वच्छ दिसतो.

आणखी एक प्रकार विशेषतः वाढत्या वयाच्या मुलग्यांत आढळतो. छातीच्या मध्यभागी गाठ वाढून श्वासनलिका दाबली जाते. मूल उताणे झोपू शकत नाही, रात्र बसून काढते. चेहरा सुजतो, मानेच्या शिरा फुगतात. अशा वेळी एक दिवसही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. दमा समजून स्टेरॉइड दिल्यास गाठ काही दिवस विरते, आराम वाटतो आणि निदान मात्र लांबते. गळ्यातील गाठी व छातीतील पाणी क्षयाचेच मानून महिने घालवले तरी तोच धोका असतो.

मग पालकांनी काय करावे? घाबरू नये, बहुतेक खोकले साधेच असतात. परंतु खोकल्याबरोबर फिकटपणा, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, हाडे दुखणे किंवा न उतरणारा ताप असेल, अथवा औषधाने गुण येत नसेल, तर डॉक्टरांना विचारावे, "रक्तातील पेशींची मोजणी करून घ्यावी काय?" ही तपासणी स्वस्त आहे. आपल्याच पाबळात १९८३ साली डॉ. कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने करून, मोजून शिकण्यासाठी. आजारातही अंदाजापेक्षा मोजणी बरी.

मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांपैकी बरेचसे वेळीच उपचार झाल्यास बरे होतात. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे, आणि खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मदत मिळू शकते.

विद्यार्थी मित्रांनो, हा रोग संसर्गजन्य नाही. उपचार घेऊन परतलेल्या सोबत्याला बाकावर आपल्या शेजारी जागा द्या. मात्र स्वतःला सर्दी-ताप असेल तर त्याच्यापासून थोडे दूर राहा, कारण जपायचे आहे ते त्याला.