गिरणीचा पगार आणि गावाकडची बाई
(मालवण तालुक्यातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



गिरणी म्हटले की आपल्याला भोंगा आठवतो, चतुर्थीला ट्रंक घेऊन येणारा चाकरमानी आठवतो. त्या इतिहासात आपण कुठे होतो?

मुंबईची पहिली कापडगिरणी 1854 मध्ये स्थापन झाली. पुढे तिथे राबायला जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आपल्याकडूनही, माणसे गेली. पुरुष गेला, बाई राहिली. भातलावणी, गुरे, म्हातारी माणसे, पोरे तिच्या गळ्यात. मनिऑर्डर यायची, पण घर उभे होते तिच्या कष्टावर. कामगार आजारी पडला, म्हातारा झाला, संपावर गेला की गावी परतायचा. म्हणून तर मालकाचे तुटपुंज्या पगारात भागत होते!

जपानात रेशमाच्या आणि सुताच्या गिरण्यांत मुख्यतः खेड्यांतल्या तरुण मुली राबल्या. बापाने उचल घ्यायची, मुलीने ती फेडायची. इथे बाई शेतात, तिथे गिरणीत. स्वस्त कापडाची किंमत दोघींनी मोजली.

मुंबईच्या गिरण्यांतही बाया होत्या. 1920 च्या सुमारास दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. पुढे नवी यंत्रे आली, रात्रपाळी आली. बायांना रात्री कामावर ठेवायला कायद्याची बंदी होती. मालकांनी नव्या बाया घेणेच थांबवले. संरक्षणाचे कायदे हवेतच, पण नोकरीची हमी नसेल तर तेच आपल्यावर उलटतात. बाकीच्या जणी खाणावळी चालवून कामगारांना जेवू घालत राहिल्या. त्यांच्यासाठी 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले.

1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि हजारो कामगार गावी परतले. तेव्हा त्यांना पोसले कोणी? त्या कष्टांची नोंद कुठल्याच हजेरीपटावर नाही.

आता गिरणी कामगारांच्या वारसांना घरे देण्याची योजना आहे. गिरणीचा पास, तिकीट नंबर कोणाच्या ट्रंकेत आहे? वारस म्हणून आईचे, विधवेचे नाव लागले आहे, की परस्पर मुलाचे? आज घरी गेल्यावर एवढे तरी तपासा. आणि घरातल्या आजीला त्या वर्षांबद्दल विचारा, लिहून ठेवा. आपल्या श्रमांचा हिशेब आपणच मांडायचा आहे.