गोळी कोणी सुरू केली, कोणी बंद केली?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



बाई तापाने फणफणली तर घर धावते. ती बोलेनाशी, जेवेनाशी झाली की मात्र 'नाटकं करते' नाहीतर 'बाहेरचं झालंय' असे म्हणतात. त्यातून वाट काढत ती डॉक्टरांपर्यंत पोचते, नैराश्यावरची गोळी सुरू होते. काही महिन्यांनी ती कामाला लागली की घरातले कोणीतरी ठरवते, 'आता पुरे.' कधी पैसे संपतात. कधी दिवस गेले म्हणून सासू पाकीट फेकून देते. कंधार-मुखेडकडची बाई दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर ऊसतोडीला जाते. कोपीवर गोळी कोण आणून देणार?

मग दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, घाबरल्यासारखे होणे, चिडचिड, भयानक स्वप्ने, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. घरचे म्हणतात, 'पुन्हा वेड लागलं', नाहीतर 'गोळीचं व्यसन लागलं'. तसे नसते. या गोळीची तलफ येत नाही. पण शरीर तिला सरावलेले असते, आधार एकदम काढला की ते डळमळते. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांचा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन सावकाश जाते, म्हणून कमी. 2024 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. गोळी थांबवल्यामुळे होणारा त्रास सुमारे सहा-सात जणांत एकाला होतो, असे त्यात दिसले. बहुतेकांचा सौम्य असतो, थोड्यांचा तीव्र.

आजार उलटला की गोळी सुटल्याचा त्रास आहे, हे कसे ओळखायचे? गोळी सुटल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच येतो, त्यात चक्कर आणि झटके असतात, आणि गोळी परत सुरू केली की लवकर शमतो. आजार सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू परततो. तरी निदान डॉक्टरांनीच करायचे.

गोळी थांबवायची ती डॉक्टरांना सांगून, पायरी-पायरीने. काहींना आठवडे पुरतात, काहींना महिने लागतात. शेवटच्या पायऱ्या आणखी लहान हव्यात, कारण थोड्या मात्रेचाही मेंदूवर बराच परिणाम असतो. दिवस गेले तर गोळी फेकू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. झोपेच्या गोळ्यांबाबत तर जास्तच जपा. बरेच दिवस घेऊन त्या एकदम सोडल्या तर फिट येऊ शकते.

गोळीशिवाय दुसरे उपाय आहेत का? आहेत. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेली, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत बोलत. 2017 साली निष्कर्ष आले: नेहमीच्या उपचारांबरोबर ही मदत मिळालेल्यांत तीन महिन्यांनी शंभरात 64 जण नैराश्यातून बाहेर आले होते, ती न मिळालेल्यांत 39. पण दुसरा उपाय सापडला म्हणून आज रात्री गोळी टाकायची नाही. कोणाचे चूर्ण, काढा घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि कोणाला गोळी वर्षानुवर्षे लागत असेल, तर त्यात लाज कसली?

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती मिळणे हा आपला हक्क आहे. म्हणून गोळी लिहून देतानाच विचारा: किती दिवस घ्यायची? त्रास काय होईल? थांबवायची कशी? जीव नकोसा वाटू लागला तर 14416 या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

1993 च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत बायाच संवाद सहायक झाल्या आणि घरबांधणीत गावाचा आवाज बनल्या. मनाच्या दुखण्यातही शेजारणीजवळ बसून ऐकणे आपल्याला जमेल. यंदा टोळ्या निघण्याआधी प्रत्येक गटाने दोन कामे करावीत. कोणाकोणाच्या गोळ्या चालू आहेत ते विश्वासाने, गुपित राखून विचारावे. आणि त्यांच्याबरोबर सरकारी दवाखान्यात जाऊन हंगामभर गोळ्या कशा मिळतील, याची व्यवस्था मागावी.